आमचं चुकलेलं आकाश

निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली. गोडा मसाला, काळा मसाला, धणेपूड, जिरेपूड, आणि प्रत्येकाखाली भरल्याची तारीख. कॅनडात विंडसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलमध्ये उभी हयात घालवली होती, त्यामुळे माप चुकलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. बायकोने थोडे दिवस सहन केलं. मग एकदा पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "अहो, तुम्ही काहीतरी शिका. काय वाट्टेल ते शिका. पण सकाळी दहा ते बारा माझ्या किचनमध्ये दिसू नका."

कम्युनिटी सेंटरमध्ये त्या वेळेला दोनच क्लास होते. एक खुर्चीत बसून योगासनं करायचा आणि दुसरा तैलचित्रांचा. खुर्चीत बसून योगासनं करण्याइतका मी म्हातारा झालो नव्हतो. ही गोष्ट २०१६ सालच्या हिवाळ्यातली.

आता खरं सांगायचं तर मी चित्रकलेच्या वर्गात जाणं हाच मुळात एक विनोद होता, कारण मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. जन्मापासून नाही. निळा आणि पिवळा स्वच्छ दिसतात. लाल, हिरवा, तपकिरी ही मंडळी मात्र माझ्यापुढे एकाच गणवेशात येतात. टोमॅटो पिकला की नाही हे मी दाबून ठरवतो. विशीत असताना रेल्वेची लेखी परीक्षा उत्तम पास झालो होतो. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. त्या ठिपक्यांत म्हणे आकडा लपलेला असतो. मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं, कागदावर शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. ते शिक्का मारणं मला आजही आठवतं. सिग्नल ओळखता न येणारा माणूस रेल्वेत नको, हे पटण्यासारखंच होतं, पण पटलं म्हणून लागायचं थोडंच राहतं!

बायकोला हे सगळं ठाऊक होतं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत मी तिच्यासाठी "हिरवी" साडी आणली होती, ती प्रत्यक्षात विटकरी निघाली. तेव्हापासून रंगाच्या बाबतीत माझा शब्द घरात चालत नाही. तरी तिने क्लासमध्ये माझं नाव घातलं. मी विचारलं तर म्हणाली, "तिथे रंग शिकवतील की. येत नाही म्हणूनच माणूस क्लासला जातो."

शिकवणाऱ्या बाई मूळच्या पोलंडच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, बुटक्या, आणि हॉलमध्ये हीटिंग असतानाही डोक्यावरची लोकरीची टोपी न काढणाऱ्या. आधी त्या जुनी तैलचित्रं दुरुस्त करायच्या. शिकवण्याची त्यांची रीत एकदम जुनी होती. विद्यार्थ्याने स्वतःच्या मनाने काही काढायचं नाही. एक जुनं चित्र निवडायचं आणि त्याची नक्कल करायची, थरावर थर चढवत, मूळ चित्रकाराने केली असेल त्याच क्रमाने. ती नक्कल बाईंना पटली, तरच फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, त्या विद्यार्थ्याला नदीकाठी घेऊन जात आणि समोर दिसेल ते काढायला बसवत. ज्यांची नक्कल पटली नाही त्यांनी पुढच्या वर्षी परत यायचं. बाई हे हसतमुखाने सांगत, पण सवलत कुणालाच देत नसत.

मी निवडलं ते चित्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, रोमँटिक काळातलं. युरोपातले चित्रकार माणूस इवलासा आणि आभाळ प्रचंड काढायला लागले तो काळ. नदीचं वळण, उजवीकडे ओक झाडांची गर्दी, अलीकडे कुरण, कुरणातून जाणारी गाडी आणि गाडीत आपल्याकडे पाठ करून बसलेला एक माणूस. वर नुकतंच ओसरलेलं वादळ. मूळ चित्र नदीपलीकडे, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या संग्रहालयात होतं. बाईंनी त्याची मूळ आकाराची छापील प्रत मागवून दिली.

सुरुवातीचे दोन महिने रंग नव्हताच. कॅनव्हासवर सगळं चित्र एकाच तपकिरी रंगात काढायचं, नुसता उजेड आणि अंधार. झाडाखालची सावली ढगाच्या सावलीपेक्षा किती गडद? पाण्यावरची चमक कुरणापेक्षा किती उजळ? हे मला जमायला लागलं. नुसतं जमलं असं नाही, त्याचं वेड लागलं. आयुष्यभर मी वस्तूंकडे पाहिलं ते त्यांत खोट काढायला. इथे मी पहिल्यांदाच केवळ बघायला म्हणून बघत होतो. बाईंनी एकदा माझा कॅनव्हास वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. घरी येताना मी गाडीत एकटाच शीळ घालत होतो, आणि मला शीळ घालता येत नाही.

मग रंग आले. ट्यूबवर नाव छापलेलं असतं, त्यामुळे ट्यूब ओळखायला अडचण नव्हती. अडचण होती मिसळल्यावर. मी मन लावून कुरण रंगवलं. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"गवताला आग लागली आहे का?" त्यांनी विचारलं.

मग मला सांगावंच लागलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमचा उजेड-अंधार या वर्गात सगळ्यात चांगला आहे. तुम्ही चारकोल करा, कोळशाने काढलेली काळी-पांढरी चित्रं. चारकोल फार सुंदर माध्यम आहे." त्यांचा हेतू चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या कानात शिक्का बसल्याचा आवाज आला. विशीतला मुलगा गप्प उठून बाहेर गेला होता. सदुसष्ट वर्षांचा माणूस जागचा हलणार नव्हता.

मी म्हटलं, "मी हीच नक्कल पूर्ण करेन, तेलरंगात, आणि रंगात तुम्हाला चूक सापडणार नाही. मग मला नदीवर न्याल?"

"कशी करणार?"

"ते माझं मी बघेन. कुणाची मदत घेतली तर चालेल?"

बाई हसल्या. "जुन्या चित्रकारांकडे रंग कुटायला माणसं असत. चित्राखाली सही मात्र एकाचीच असे. ऑगस्टच्या शेवटी आणा."

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "मला तुझे डोळे पाहिजेत."

"कुकर झाला की देते," ती म्हणाली.

अशा रीतीने आमच्या बेसमेंटमध्ये, वॉशर-ड्रायरच्या शेजारी, आमचा कारखाना सुरू झाला. ती स्टुलावर बसून छापील चित्रातला एकेक तुकडा बघायची आणि रंग सांगायची. पण ती सांगायची साडीच्या दुकानातल्या भाषेत. "ही झाडाची सावली आमसुली आहे. हे पुढचं गवत शेवाळी, आणि मागचं मेंदी. मेंदी आणि शेवाळी एक नव्हे हो! ही वाट बदामी. गाडीवाल्याचं जाकीट अंजिरी." एवढ्या बारकाईने रंग ओळखणारा माणूस मी मोटारींच्या कारखान्यातल्या पेंट शॉपमध्येही पाहिला नव्हता. पण ट्यूबवर आमसुली असं लिहिलेलं नसतं. तेव्हा तिने कपाटामागच्या दोन सुटकेस ओढून काढल्या. त्यांत तिच्या सगळ्या साड्या होत्या, ज्या इथे गणपती, दिवाळी किंवा कुणाच्या लग्नालाच बाहेर येतात. साडीचा पदर चित्राशेजारी धरून ती म्हणायची, "हा बघा, हाच." मग मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंग मिसळायचो, ती "अजून थोडा हिरवा", "फार झाला" असं ओरडायची, आणि जुळला की मी त्या पुठ्ठ्यावर नाव आणि प्रमाण लिहून टाकायचो. शेवाळीत कुठल्या ट्यूबचे किती भाग, हे आता मला डोळे मिटून सांगता येतं. उघडे ठेवून तरी काय वेगळं होणार होतं म्हणा.

सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असं नाही. एकदा मी जुळवणी अचूक व्हावी म्हणून ब्रश तिच्या अंजिरी इरकलीच्या अगदी जवळ नेला आणि तो टेकला. तेलरंग रेशमावरून निघत नाही. त्यानंतर बरेच दिवस बेसमेंटमध्ये मी एकटा आणि वर ती एकटी. जेवताना ती फक्त "आमटी?" एवढंच विचारायची. शेवटी मिल्टनला राहणाऱ्या आमच्या मुलीने फोन करून मध्यस्थी केली. तिचं म्हणणं, "बाबा, जस्ट से सॉरी." सॉरी तर मी आधीच म्हटलं होतं, ते आमटीतच बुडालं होतं. आणखी एकदा म्हटलं, तेव्हा बायको खाली आली, आणि येताना सगळ्या साड्यांवर घालायला प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आली.

दुसरा घोटाळा तेलाचा. रंग पातळ करायला जवसाचं तेल लागतं. बाईंनी सांगितलेली छोटी बाटली महाग होती, आणि मी मनात म्हटलं, जवस म्हणजे जवस. आपण ज्याची चटणी खातो तेच ते. ग्रोसरीत फ्रिजमध्ये ठेवलेली मोठी बाटली मी उचलून आणली. कुरण त्यात रंगवलं. आठवडे गेले तरी कुरण सुकेना. बोट लावलं की चिकट. त्यात ड्रायर चालू झाला की कापसाचा भुगा उडायचा, तो सगळा गवतावर येऊन बसला आणि मेंढ्या चरायला सोडल्यासारखं दिसू लागलं. बाईंना सांगितलं तर हसता हसता त्यांची टोपी पडली. खाण्याचं तेल टिकावं म्हणून त्यात जे घालतात, त्यानेच ते सुकत नाही, असं त्या म्हणाल्या. मी सबंध कुरण सुरीने खरवडून काढलं आणि नव्याने रंगवलं. खरवडताना जीव गेल्यासारखं वाटतं, पण खरोखर जात नाही, एवढं त्यातून समजलं.

जुलैपर्यंत झाडं झाली, नदी झाली, कुरण झालं, गाडी झाली. राहिलं आकाश. अर्ध्याहून जास्त चित्र आकाशानेच व्यापलेलं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं. संध्याकाळी गाडी चालवायचं तिने सोडून दिलं होतं, कारण समोरच्या गाड्यांचे दिवे तिला फुटलेले दिसत. पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. सोलापुरात तिच्या मावशीचा डोळा ऑपरेशननंतर कायमचा गेला होता, आणि लहानपणी ती त्या मावशीच्या घरी राहिलेली. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर मावशीने "दिवा लावा ना कुणीतरी" असं म्हटलेलं तिने स्वतः ऐकलं होतं. दिवा लावलेलाच होता. आता काळ बदललाय, तंत्र बदललंय, हे मुलीने शंभरदा सांगून झालं होतं. मी फारसा बोलत नसे. माझा चित्रकार म्हणून सगळा भार त्याच डोळ्यांवर होता, आणि मोतीबिंदूचा रंगाशी काही संबंध असतो हे मला माहीत नव्हतं.

आकाशाचे रंग तिने सांगितले ते असे: मोतिया, मळका मोतिया, राखी, काळपट राखी. मी मिसळत गेलो. वादळाचा मोठा ढग लावताना मात्र मी थबकलो.

"अगं, इथे थोडा निळा नको का?"

"निळा कुठे दिसतो तुम्हाला? राखी आहे तो. चांगला राखी."

मी छापील चित्राकडे पाहिलं, कॅनव्हासकडे पाहिलं. मला त्या ढगात निळा दिसत होता. पण मी रंगांधळा माणूस आणि ती आमसुली-अंजिरी ओळखणारी. मी राखी लावला. तीन-चार ठिकाणी असंच झालं. दर वेळी मी विचारलं, दर वेळी तिने नाही म्हटलं आणि दर वेळी मी तिचं ऐकलं.

ऑगस्टच्या मध्यावर मी चित्र बाईंना दाखवायला नेलं. त्यांनी ते खिडकीशी धरलं. "हिरवे रंग, अप्रतिम. तपकिरी, अप्रतिम. हे तुम्ही कसं केलंत मला कळत नाही." मग त्यांनी डोकं एका बाजूला झुकवलं. "आकाश मात्र चहात बुडवून काढलंय. छापील प्रतीवर जाऊ नका. नदीपलीकडे जा, मूळ चित्रासमोर उभे राहा आणि मग बघा."

मी घरी येऊन हे जसंच्या तसं बायकोला सांगितलं. थोडं सौम्य करून सांगायला हवं होतं, पण माझा पाराच चढलेला होता. दोन आठवडे राहिले होते आणि अर्ध्या कॅनव्हासवर चहा सांडला होता.

"म्हणजे माझं चुकलं म्हणता?" ती म्हणाली.

"मी नाही, बाई म्हणतात."

"मग त्या बाईंनाच घेऊन या तुमच्या बेसमेंटमध्ये." आणि ती वर निघून गेली.

तरी शनिवारी ती गाडीत येऊन बसली. साडी नेसून, पर्स घेऊन, माझ्याशी न बोलता. आम्ही नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलो. बॉर्डरवरच्या ऑफिसरने विचारलं, कशासाठी आलात? मी म्हटलं, पेंटिंग बघायला. किती पेंटिंग्ज? मी म्हटलं, एकच, आणि तेही अर्धं, वरचं. त्याने आमचे पासपोर्ट बराच वेळ चाळले. बायकोने मला कोपराने ढोसलं, पण त्या निमित्ताने आमचं बोलणं सुरू झालं.

संग्रहालयात ते चित्र एका शांत दालनात होतं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि आधी मला फक्त आनंद झाला. इतके महिने ज्याची रेष न् रेष आपण ओळखतो, तो माणूस प्रत्यक्ष भेटावा तसा. मग मी वर पाहिलं. ढग निळा होता. नुसता निळा नाही, आतून भरलेला, ओलसर निळा. मी बायकोकडे पाहिलं. ती चित्राच्या जवळ जाऊन, मग दोन पावलं मागे येऊन, निरखून बघत होती.

"आहे की आपल्यासारखंच," ती म्हणाली. "राखी."

त्याच वेळी आमच्या शेजारी दोन वयस्क अमेरिकन बायका येऊन थांबल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "लुक अॅट दॅट क्लाउड. इट्स ऑलमोस्ट पर्पल." दुसरी म्हणाली, "अँड ऑल दॅट ब्लू अंडरनीथ." आणि त्या पुढे गेल्या.

बायकोने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि पुन्हा पाहिलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं. तिच्या आयुष्यात ज्या एका गोष्टीबद्दल तिला कधी शंका आली नव्हती, ती गोष्ट माझ्यासमोर तिच्या हातून निसटत होती.

"तुम्हाला दिसतोय निळा?" तिने विचारलं.

"जांभळा नाही दिसत. निळा दिसतो."

"बेसमेंटमध्येही दिसत होता?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तू नाही म्हणालीस."

"मी नाही म्हटल्यावर इतर वेळी गप्प बसता का? लेबलं लावू नका म्हटलं होतं तेव्हा बसलात?" तिचा आवाज चढला, रखवालदाराने आमच्याकडे पाहिलं. मग ती हळू बोलली. "तुम्हाला दिसत होतं तर ओरडून सांगायचं होतं."

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "मला वाटलं, रंगात माझं बरोबर असूच शकत नाही."

परत येताना बोगद्याच्या मधोमध, जिथे दोन देशांचे झेंडे रंगवलेत तिथे, ती म्हणाली, "तारीख घ्या."

"कसली?"

"डोळ्यांची. कसली काय विचारता?"

मला आनंद झाला, आणि लगेच तो कशाचा हे कळेना. तिच्या डोळ्यांचा की माझ्या आकाशाचा? दोन्हींचा होता. ते तिला कळलंच असणार, कारण ती म्हणाली, "आधी माझा डोळा, मग तुमचा ढग. हा क्रम लक्षात ठेवा."

मी बाईंना फोन करून मुदत वाढवून मागितली. कारण सांगितलं. बाई म्हणाल्या, नदीवर आम्ही ऑक्टोबरमध्ये जातो, तोवर आणा. कुणीतरी तारीख रद्द केल्यामुळे आमचा नंबर लवकर लागला. आदल्या दिवशी तिने घरातली सगळी कामं संपवली, चार भाज्या करून ठेवल्या, मुलीला फोन केला आणि कोणती साडी कुणाला द्यायची ते सांगून टाकलं. मुलगी फोनवर रडायला लागली. मी बाजूला उभा राहून "अगं, पंधरा मिनिटांचं काम आहे" असं म्हणत होतो. पण मला त्या क्षणी आकाशबिकाश काही नको होतं.

पंधरा-वीस मिनिटांचंच काम होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यावरचं झाकण काढलं. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "केवढे पांढरे झालात हो तुम्ही!" घरी आल्यावर ती एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून सगळं घर फिरली. किचनच्या भिंती आम्ही क्रीम रंगाच्या लावल्या आहेत अशी तिची समजूत झाली होती. त्या पांढऱ्या होत्या. फ्रिज पांढरा होता. माझा निळा स्वेटर, जो ती काळा समजून अंत्यविधीला घालायला लावायची, तो निळा होता. "जुन्या डोळ्याने बघितलं की सगळ्यावर हळद सांडलीय," ती म्हणाली. मग जिन्याचा कठडा धरून ती बेसमेंटमध्ये उतरली. मी मागोमाग. तिने चित्र पाहिलं.

"अहो, हे काय करून ठेवलंय आपण?"

त्याच दुपारी मी आकाश खरवडायला घेतलं. तिने डोळ्यावर जोर देऊ नये म्हणून मी तिला वर जायला सांगितलं. ती गेली नाही. काळा गॉगल लावून स्टुलावर बसली आणि सुरीचा आवाज ऐकत राहिली.

नवीन आकाशाच्या वेळी मी एक नियम केला. आधी मी सांगायचं, मग तिने. मी म्हणायचो, इथे निळा आहे. ती म्हणायची, आहे, पण निळ्यात वांगी रंग आहे, तो तुम्हाला दिसत नाही. मी म्हणायचो, हा भाग त्या भागापेक्षा उजळ आहे. ती म्हणायची, मला सारखेच दिसतात. मग आम्ही बराच वेळ बघत बसायचो आणि मी बरोबर असायचो. पहिल्यांदा मी बरोबर आहे असं तिने मान्य केलं तेव्हा मी ब्रश खाली ठेवून चहा करून आणला. दोघांचं मिळून एक आकाश व्हायला सप्टेंबर संपला. या वेळी तेल बाईंनी सांगितलं तेच वापरलं.

बाईंनी चित्र खिडकीशी नेलं. टोपी मागे सरकवली. नाक कॅनव्हासला लागेल इतक्या जवळून पाहिलं, मग दूर ठेवून पाहिलं. गाडीचं एक चाक जरासं वाकडं आहे असं म्हणाल्या, आणि ते होतंच. रंगाबद्दल काही बोलल्या नाहीत. मी वाट बघत उभा. शेवटी त्यांनी चित्र माझ्या हातात दिलं.

"गुरुवारी, साडेनऊला. गरम कपडे घाला."

गुरुवारी आम्ही नदीकाठच्या बागेत जमलो. बायको घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन आली होती. मी ईझल मांडलं, पुठ्ठ्याचे सगळे तुकडे हाताशी ठेवले. समोर पाणी, पलीकडचं शहर, आणि अलीकडे काठावर मेपलची मोठी झाडं. त्या दिवसांत म्हणे मेपलची पानं पेटल्यासारखी लाल होतात, आणि इथे माणसं लांबून लांबून ही झाडं बघायला येतात. दर वर्षी ही मला गाडी बाजूला घ्यायला लावायची, "बघा, बघा" म्हणायची, आणि मी "वा" म्हणायचो. तिचा उत्साह मोडू नये म्हणून म्हणायचो.

मी ब्रश उचलला आणि सवयीने विचारलं, "हे मधलं झाड कोणतं? डाळिंबी का विटकरी?"

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. खुर्ची फिरवून ती पाठमोरी बसली आणि थर्मास उघडला.

"अगं, पण चुकेल."

"तुम्हाला दिसतं तसं काढा. तेवढ्यासाठी तर आलात ना इथे?"

मला राग आला. इतक्या महिन्यांची मेहनत आणि ऐन वेळी ही हात वर करते. पण बाकीचे सगळे कामाला लागले होते, आणि मी तसाच परत जाणार नव्हतो. पुठ्ठे पिशवीत टाकले. झाडाकडे बघितलं, पॅलेटवर मिसळलं, पुन्हा झाडाकडे बघितलं, आणि माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखे वाटले तेव्हा लावलं. पाणी सोपं गेलं. झाडांना वेळ लागला. दोन तास मी कुणाशी बोललो नाही.

खुर्ची करकरली. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. एकदा चित्राकडे, एकदा झाडाकडे, परत चित्राकडे.

"हे झाड तुम्हाला असं दिसतं?"

"हो."

"असं शेणकट?"

"आता त्याला काय म्हणतात ते तू सांग."

मी मान वळवून पाहिलं. नव्या डोळ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ती पदराने डोळे टिपत होती.

"इतकी वर्षं मी तुम्हाला बघा, बघा म्हणत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही हे बघत होतात?"

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी चित्र पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि बोट उचललं. त्या काय सांगणार हे मला माहीत होतं. पण बायको, जी वर्गातल्या कुणाशी कधी चार शब्द बोलली नव्हती, मध्ये येऊन उभी राहिली. "नो, मॅडम. प्लीज. डोन्ट करेक्ट. धिस इज करेक्ट."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोट खाली घेतलं आणि शेजारच्या ईझलकडे गेल्या.

बायकोने खुर्ची उचलून माझ्या खांद्याशी आणली, झाडांकडे तोंड करून बसली आणि बोटाने दाखवत म्हणाली, "आणि ते, पाण्याजवळचं? ते कसं दिसतं तुम्हाला? काढा बघू."